वन्संच्या हाताचा ऊद

अत्तर आपण अंगाला लावतो असं आपल्याला वाटतं. मला विचाराल तर अत्तरच आपल्याला लावून बघतं. पटलो तर राहतं, नाही पटलो तर घटकाभरात अब्रू काढून निघून जातं. हे मला कुठल्या पुस्तकानं शिकवलं नाही, आमच्या वन्संच्या पोरानं दुबईहून आणलेल्या एका बाटलीनं शिकवलं.

वन्सं म्हणजे माझ्या मालकांची थोरली बहीण. ऐन तरणेपणी कपाळ मोकळं झालं आणि कडेवर पोरगं घेऊन त्या माहेरी आल्या, जळकोटच्या अलीकडं आमच्या वस्तीवर, आणि इथंच राहिल्या. मी या घरात नवरी म्हणून आले तेव्हा उंबऱ्यावर माप ठेवलं ते त्यांनीच, आणि पायानं माप जरा जोरात लवंडलं म्हणून पहिला टोमणाही त्यांचाच ऐकला, "आगं, माप वलांडायचंय, घर न्हाय पाडायचं." तेव्हापासून आम्ही दोघी भांडतोय. सकाळचा चहा भांडणाशिवाय आम्हाला गोडच लागत नाही.

बाई उंच, आवाज त्याहून उंच. फाट्यावर उभं राहून त्यांनी "ए, थांब रं!" म्हटलं की एसटी तर थांबतेच, तिच्या मागचा टेम्पोही थांबतो, आणि ड्रायव्हर मान बाहेर काढून विचारतो, "मावशी, आमचं काय चुकलं?" पंचक्रोशीत कुणाचं लग्न असो, येसर वन्संच्याच हातचा. ज्यांना येसर माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, ज्वारी, गहू, हरभऱ्याची डाळ खमंग भाजायची, त्यात लवंग, दालचिनी, मिरं, धने, खोबरं, सगळं भाजून घालायचं आणि दळून ठेवायचं. आमटीला मूठभर लावला की पंगतीतला माणूस दुसऱ्यांदा भात मागतोच. वन्सं येसर भाजायला बसल्या की वास हायवेपर्यंत जातो.

तर गेल्या उन्हाळ्यात पोरगं सुट्टीवर आलं. एकटंच आलं, कारण सून तिकडं नुकती बाळंत झालेली, मुलगी झालेली. त्यानं आईसाठी एक बाटली आणली होती. काळपट काच, सोनेरी टोपण, आत काकवीसारखं दाट काहीतरी.

"मामी, हे ऊद हाय," मला म्हणाला. "तिकडं राजेलोक लावतात."

ऊद आम्हाला ठाऊक होता तो निखाऱ्यावर टाकायचा. शुक्रवारी देवापुढं धूप केला की घरभर धूर होतो, तेवढीच आमची ओळख. अंगाला लावायचा ऊद पहिल्यांदाच बघत होतो. पोरानं समजावून सांगितलं की एक झाड असतं, चांगल्या झाडाला काही वास नसतो, पण त्याच्या पोटात रोग शिरला की आतलं लाकूड काळं पडतं आणि त्या काळ्या लाकडाला हा वास येतो.

वन्सं लगेच म्हणाल्या, "म्हंजे माझ्यावानीच की. मला बी दुखणं लागल्याबिगर कुणी हुंगत न्हाय."

डबीवर इंग्रजीत काहीतरी छापलं होतं. पोरगं वाचायला लागलं, उबदार वास आहे, मसालेदार आहे, ठाम स्वभावाच्या माणसाला शोभतो.

"ठाम म्हंजे?" वन्संनी विचारलं.

"हट्टी," आमचे मालक खाटेवरून म्हणाले.

"मग तुलाच लावू की आदी!" म्हणून वन्संनी भावाचं मनगट धरलं आणि थेंब टेकवला. आम्ही सगळे वाकून हुंगायला लागलो. काय सांगू, पावसात भिजून कोपऱ्यात पडलेलं घोंगडं असतं ना, तोच वास. दारात बांधलेल्या शेळीनं कान टवकारले. मग मी लावून बघितलं. आधी बरं वाटलं, मनात म्हटलं, हा तर माझाच वास! घटकाभरानं असा वास यायला लागला की दवाखान्यात कुणीतरी लवंगा तळतंय. मी गुपचूप मोरीत जाऊन साबण लावला. तरी दोन दिवस मालक माझ्याजवळ आले की विचारायचे, "सुई टोचली का?"

आणि मग वन्संनी लावलं. त्यांचा हात म्हणजे नुसती चामड्याची वादी. जन्म म्हशी धुण्यात, वैरण कापण्यात आणि येसर हलवण्यात गेला. त्या हातावर थेंब पडला आणि हळूहळू वास फुलला. आधी लाकूड, मग केशर, मग भाजलेली लवंग, आणि त्याच्या खाली एक ऊब, चुलीतला जाळ विझल्यावर भिंतीला राहते तशी. वन्सं आत येण्याआधी वास आत यायचा आणि वन्सं गेल्यावरही बसून राहायचा. अगदी त्यांच्यासारखाच, कुणी पाणी विचारलं नाही तरी हक्कानं बसणारा. तेव्हा मला कळलं, गुलाब, मोगरा हे वास येतात आणि म्हणतात, येऊ का? ऊद म्हणतो, सरका जरा.

पण पोरगं काही नुसती बाटली द्यायला आलं नव्हतं. जेवण झाल्यावर म्हणालं, "आई, चल माज्यासंगं. चार महिने राहा. नात बघ."

वन्सं गप्प झाल्या. त्या गप्प झाल्या की आमच्या घरात कोंबड्याही गप्प होतात. मग म्हणाल्या, "माझं काय. मामाला विचार."

मामा, म्हणजे आमचे मालक, म्हणाले, "मला काय विचारता? आईला विचारू."

आई म्हणजे तुळजापूरची. आमच्याकडं मोठं काही ठरवायचं असलं, बोअर कुठं घ्यायचं, सोयरीक करायची की नाही, की देवळातल्या चिंतामणीला विचारायची रीत आहे. प्रदक्षिणेच्या वाटेवर एक गोल दगड आहे. त्यापुढं बसायचं, दोन्ही हात दगडावर ठेवायचे, मनात प्रश्न धरायचा. दगड उजवीकडं फिरला तर होय, डावीकडं फिरला तर नाही, जागचा हलला नाही तर अजून वेळ आहे. आम्ही मानतो. तुम्ही माना न माना, आमचं काही म्हणणं नाही.

त्या वेळी आम्ही गेलो. वन्सं बसल्या. मालक मागं उभे राहून म्हणाले, "आक्का, गच्च धर. हात सुटू देऊ नगंस." वन्संनी दगड असा धरला, जणू ते रेडकू आहे आणि व्यालेल्या म्हशीकडं सोडायचं नाही. दगड कशाला हलतोय? मागची रांग खोकायला लागली, दगड आपला शांत.

"अजून येळ हाय," मालक म्हणाले, आणि त्यांचा चेहरा असा झाला, जणू त्यांच्या मनासारखा पाऊस पडला.

मला तेव्हाच जरा खटकलं होतं. कारण वन्सं उठल्या आणि त्यांच्या जागी एक नवी नवरी बसली. मेंदी ओली असेल, तिनं नुसती बोटांची टोकं टेकवली, आणि दगड जात्यासारखा सरकला. आणि मला आठवलं, बोअरचं विचारायला आमचे मालक स्वतः बसले होते तेव्हा त्यांनी दगड कसा धरला होता? फुलाला धरावं तसा! मग आक्काला गच्च धर का सांगितलं? मी मनात गाठ मारून ठेवली.

खरं सांगायचं तर वन्सं राहिल्या याचा मलाही आनंदच झाला होता. त्या गेल्या असत्या तर सकाळी मी कुणाशी भांडले असते? मालकांशी भांडण्यात मजा नाही, ते लगेच ऐकून घेतात. पोरगं एकटंच परत गेलं. बाटली कपाटात गेली. वन्सं सणावाराला एक थेंब लावायच्या आणि दिवसभर उंच मानेनं फिरायच्या.

इकडं फोनवर नात मोठी होत होती. आधी नुसतं कापडाचं गाठोडं दिसायचं, मग हसायला लागली, मग बसायला लागली. वन्सं फोनसमोर टाळ्या वाजवायच्या, म्हशीचा आवाज काढून दाखवायच्या, आणि खरी म्हैस बाहेरून उत्तर द्यायची. मग यंदा शिवरात्रीच्या सुमाराला पोरानं दाखवलं, नात चालायला लागली. चार पावलं टाकून फोनजवळ आली. वन्सं ओरडल्या, "माझी राणी गं!" आणि त्या आवाजानं पोर दचकली, तोंड फिरवून आईच्या मांडीत शिरली. सून म्हणाली, "आत्याबाई, ती नवीन माणसाला लाजते."

नवीन माणूस.

फोन बंद झाला आणि वन्सं पदरानं त्याची काच पुसत बसल्या. "लई धूळ बसती ह्याच्यावर," म्हणाल्या. काच स्वच्छ होती. मी बघत होते. दुसऱ्या दिवशी चहा घेताना मी मुद्दाम म्हटलं, "वन्सं, चहात साखर जास्त पडलीय." त्या म्हणाल्या, "पडली असंल." भांडल्याच नाहीत. मग मी ठरवलं की या बाईला आता पाठवायलाच पाहिजे, नाहीतर माझा चहा कायमचा नासला.

मी मालकांसमोर विषय काढला. "परत विचारू की आईला. अजून वेळ हाय म्हणाली होती, आता वेळ झाली असंल."

मालकांना नाही म्हणता येईना. "चला की," म्हणाले, पण आवाजात ठाम विश्वास होता. आक्का आणि तिचे हात त्यांना ठाऊक होते.

मंगळवारी आम्ही फाट्यावरून एसटी धरली. मालक पुढं ड्रायव्हरमागं बसले, आम्ही दोघी मागं. नळदुर्ग सोडल्यावर मी पिशवीतून बाटली काढली.

"ही कशाला आणलीस?" वन्संनी विचारलं.

"आईच्या दारात जायचं. अंगाला वास बरा."

"आन् तळहाताला का लावती? वास मनगटाला लावत्यात."

"तुमचं मनगट लई खरखरीत हाय, थेंब पडून जाईल," मी म्हटलं आणि दोन्ही तळहातांना चांगलं चोळलं. "आणि हे बघा वन्सं, ह्याला तेल असतं. दगडावर हात ठेवाल तर हलकेच टेकवा. गच्च धरला तर आईच्या दगडाला डाग पडायचा. लोक काय म्हणतील?"

वन्संनी माझ्याकडं असं बघितलं की मला उगाच खिडकीबाहेरचा ऊस मोजावासा वाटला. मग त्या म्हणाल्या, "बरं बाई. तू शहाणी."

आता एसटी म्हणजे बंद डबा आणि उन्हं वर आलेली. वास सुटला तो सगळ्या गाडीत. कंडक्टर दोनदा मागं येऊन गेला. पुढच्या बाकावरचे एक फेटेवाले आजोबा वळून म्हणाले, "कुणाचं लगीन म्हणायचं?" वन्सं म्हणाल्या, "माझंच. येताव का?" आजोबांनी फेटा सावरला आणि तुळजापूर येईपर्यंत मागं वळून बघितलं नाही. वाऱ्यानं, गाडीच्या झोक्यानं माझा डोळा लागला. जागी झाले तेव्हा गाडी स्टँडात शिरत होती आणि वन्सं पदर नीट करत होत्या.

देवीचं दर्शन झालं, ओटी भरली, आणि आम्ही चिंतामणीकडं आलो. मंगळवार म्हणून गर्दी बरीच. आमचा नंबर आला. वन्सं बसल्या. मालक जवळ सरकले.

"आक्का, गच्च धर."

मी दुसऱ्या बाजूनं म्हटलं, "हलकेच वन्सं, डाग पडंल."

"कसला डाग? गच्च धर, हात सुटंल!"

"सुटू द्या की. आईचा दगड हाय, पळून न्हाय जात."

"तू गप गं!"

"तुमीच गप बसा, देवळात वरडताव!"

मागून एक बाई म्हणाली, "आवो, त्यांना धरू तर द्या, का तुमीच दोगं फिरवणार दगड?"

वन्संनी डोळे मिटले. दोन्ही हात उचलले आणि टेकवले. कसे टेकवले म्हणून सांगू? झोपलेल्या लेकराच्या कपाळाला ताप बघायला हात लावावा, तसे. मी आयुष्यात त्यांचा हात इतका हलका बघितला नव्हता. क्षणभर काही नाही. मग दगड जरा थरथरला, आणि सरळ, स्वच्छ, उजवीकडं फिरला.

आणि त्याच वेळी वास सुटला. ऊन दगड, ऊन हात, वरून तेल. लवंग, केशर, लाकूड, धूप, सगळं एकदम. ती मागची बाई नाक वर करून थबकली. "आगं बया, वास आला! कुठनं आला वास?" दुसरीनं हात जोडले, "आई आली गं, आई आली!" बघता बघता चार बायकांनी दगडाला कपाळ टेकवलं, आणि कपाळाला तोच वास लागला, तशा त्या आणखी गहिवरल्या. एकीनं तर वन्संच्याच पाया पडून घेतलं. आणि वन्सं? त्या डोळे मिटून अशा शांत बसल्या होत्या, जणू हे रोजचंच आहे. मी पदर तोंडात कोंबून मागं सरकले. हसू तर येत होतंच, पण अंगावर काटाही आला होता, हे खोटं कशाला बोलू. दगड आईनंच फिरवला. आम्ही फक्त हातांची सोय केली.

मालक मात्र दगडाकडं बघत होते. सगळा डाव आपल्या हातातला असावा आणि समोरच्यानं भलतंच पान टाकावं, तसे.

येताना गाडीत ते पुढच्या बाकावर मान टाकून झोपले. मी बाटली पिशवीत नीट उभी ठेवावी म्हणून काढली आणि बघते तर निम्मी रिकामी! मी लावले होते ते सगळे मिळून पाचसहा थेंब.

"वन्सं, ही सांडली का?"

"न्हाय. तू झोपलीस तवा लावलं म्या."

"एवढं?"

"तुज्या थेंबानं काय व्हनार व्हतं? पदराला लावलं, कोपरापतोर लावलं. वास सुटायला नगं? तुजा नवरा एकदा दगड फिरल्यावर बी म्हनला असता, परत बघू. आता चार बायांनी आई आली म्हनल्यावर काय म्हनंल?"

"म्हणजे हलक्या हातानं फिरतो, ते ठाऊक व्हतं तुमाला?"

"आगं, म्हशीच्या कासंला कुठं हलका हात अन् कुठं जड, हे जल्मभर केलं. मला ठाऊक नसंल व्हय?"

"आन् ते 'गच्च धर' म्हणायचे ते?"

"त्याला वाटतं, आक्काला कळत न्हाय. वाटू दे की. त्यालाबी करमत न्हाय माज्याबिगर."

"मग मागल्या बारीला का गच्च धरला?"

वन्सं खिडकीबाहेर बघायला लागल्या. हायवेच्या कडेला कुणाच्या तरी तुरीच्या गंजी लागल्या होत्या. तिकडं बघतच म्हणाल्या, "भ्या वाटलं व्हतं. दगड फिरला असता तर जावं लागलं असतं. इमानात बसायचं, ती भाषा, ते लोक. म्हनलं, धरून ठिवावं गच्च." मग फोन पिशवीतून काढला, उगाच काच पुसली. "आता न्हाय भ्यात. तिनं तोंड फिरवल्यावर कशाचं भ्या राहिलं?"

मी बाटलीचं टोपण घट्ट केलं आणि म्हटलं, "तरी निम्मी बाटली संपवायचं काय कारण नव्हतं."

"तुज्या बापानं आनली व्हती का?" वन्सं म्हणाल्या, आणि मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू.

मालकांनी पुढं काही आडकाठी केली नाही. पासपोर्टच्या फोटोला आक्काला स्वतः घेऊन गेले. विमान हैदराबादहून होतं, आणि तिकडची गाडी आमच्याच फाट्यावरून जाते. निघायच्या दिवशी मी वन्संची पेटी भरत होते, त्यात बाटली ठेवली. त्यांनी काढून माझ्या हातात दिली.

"तिकडं समद्यांच्याच अंगाला हाच वास. तिथं मला कोन वळखनार?"

आणि बाटलीच्या जागी येसराचा डबा ठेवला, वर फडकं बांधून, चांगला घट्ट.

पहिल्यांदा तिकडून फोन आला तेव्हा आम्ही दोघं चहा घेत होतो. वन्सं खुर्चीत बसलेल्या, नात समोर उभी, दोघींच्या मध्ये हातभर अंतर. पोर जवळ येईना. वन्संही बोलावत नव्हत्या, आवाज नाही, टाळ्या नाहीत. नुसता हात मांडीवर उताणा ठेवून बसल्या होत्या. सून म्हणाली, सकाळी येसराची आमटी केलीय, सगळ्या घराला वास आहे. पोर हळूहळू पुढं आली, त्या हाताला नाक लावलं, आणि मग तो हात धरून वर चढायला लागली. वन्संनी तिला धरलं नाही. चढू दिलं. मांडीवर बसल्यावर मग मात्र अशी गच्च धरली की पोर ओरडली.

"आक्का, हलकेच!" आमचे मालक फोनला म्हणाले.

मी त्यांच्याकडं बघितलं. ते चहाकडं बघायला लागले.

आता हे सगळं झालं, पण घरात एक नवीनच भानगड सुरू आहे. सकाळी उठलं की ओसरीवर भिजलेल्या घोंगड्याचा वास. पाऊस नाही, पाणी नाही, घोंगडं तर माळ्यावर बांधून ठेवलेलं. मी विचारलं, "मालक, कपाटातला ऊद लावला का तुमी?"

"म्या? छ्या! मला काय कराचंय त्या बायकी गोष्टीचं?"

आणि बाटली तर दर दोन दिवसांनी जराजरा उतरतेय. मी म्हटलं, असेल, हवेनं उडत असेल. आमची शेळी मात्र भोळी आहे, तिला खोटं बोलता येत नाही. मालक ओसरीवर बसले की ती दावं ताणून त्यांच्याजवळ जाते, त्यांच्या मनगटाला नाक लावते, आणि तिथंच अंग टाकून रवंथ करत बसते.